मारबतीच्या दिवशी नेलेला धोटा

जबाब

माझे नाव नत्थूजी पांडुरंग हेडाऊ, वय चौऱ्याहत्तर, शिक्षण चौथी, धंदा पूर्वी हातमागावर विणकाम, सध्या काही नाही, राहणार तांडापेठ, नागपूर.

मी आज स्वतः ठाण्यात येऊन, विचारल्याप्रमाणे सांगतो की, सर्वांत आधी उशिरा आल्याबद्दल माफी असावी. घटना मारबतीच्या दिवशीची आहे आणि मी आज चार दिवसांनी आलो. मी त्याच संध्याकाळी निघालो होतो. परंतु शेजारी चंपतराव बोकडे म्हणाले की सकाळपर्यंत तो आपणच येतो, कुत्र्याच्या तक्रारीला पोलीस हसतील. दुसऱ्या दिवशीही ते तेच म्हणाले. आज ते काही म्हणाले नाहीत, म्हणून आम्ही दोघेही आलो. ते बाकावर बसलेले आहेत.

हरवलेला कुत्रा नर आहे. नाव धोटा. जात गावठी, उंची माझ्या गुडघ्याला लागेल इतकी, उजवा कान अर्धा दुमडलेला. मूळ रंग पांढरा. सध्या पिवळा आहे. पाठीवरचे आणि मांडीवरचे केस गेलेले आहेत, ते यायला लागले होते.

आमच्या घरातला माग विकला त्या पावसाळ्यात हा कुत्रा आमच्याकडे आला. लहान होता तेव्हा, मागावर आडवे सूत घेऊन इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्यासारखा, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत धावायचा, म्हणून माझ्या पत्नीने, सिंधूताईने, धोटा नाव ठेवले. मागाखाली विणकराचे पाय ठेवायचा खड्डा असतो, माग गेल्यावर तो रिकामा पडला होता. धोटा त्यात झोपत असे.

यंदा पावसाळ्यात त्याला खाज सुटून केस गळू लागले. मी त्याला मोहल्ल्यातल्या जनावरांच्या दवाखान्यात नेले. तेथे डॉ. सोनिका मेश्राम बाई असतात. त्यांच्या दवाखान्याबाहेर फळा आहे. त्यावर त्या उन्हाळ्यात उन्हाळ्याचे, पावसाळ्यात पावसाळ्याचे खडूने लिहितात. मला वाचायला वेळ लागतो. मी उभा राहून पूर्ण वाचतो. बाईंनी त्याला तपासून सांगितले की खरूज आहे, वर ओलीची बुरशीही आहे. कुठे झोपतो ते विचारले. मी खड्डा सांगितला. त्या म्हणाल्या, "काका, पावसाळ्यात खड्ड्यात ओल धरते. तो तिथे झोपला तर माझं औषध वाया जाईल." मी खड्डा मलबा टाकून बुजवून घेतला. त्याबद्दल जास्त सांगणे नाही. तेव्हापासून धोटा ओट्यावर झोपतो.

बाईंनी त्याला गंधकाचे पाणी दिले. ते आठवड्यातून एकदा अंगभर लावायचे, धुवायचे नाही, पुसायचे नाही, कोवळ्या उन्हात वाळू द्यायचे. त्याने पांढरा कुत्रा पिवळा होतो आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. वाळेपर्यंत त्याने अंग चाटू नये म्हणून गळ्यात नरसाळ्यासारखी पांढरी प्लास्टिकची कॉलर घालायची. वाळले की ती काढून मग खाऊ घालायचे. धोटा ती कॉलर पायाने काढतो. म्हणून मी पट्टीच्या कापडाने बांधून गाठ मारली. गाठ विणकराची आहे, ती ओढल्याने सुटत नाही.

मारबतीच्या दिवशी सकाळी ऊन पडले होते. बऱ्याच दिवसांनी पडले होते. मी त्याला गंधकाचे पाणी लावले, कॉलर बांधली, दोरी ओट्याच्या खांबाला अडकवली आणि मागच्या नळावर हात धुवायला गेलो. वास जात नव्हता म्हणून सिंधूताईने मला दोनदा परत पाठवले. ती म्हणाली, "त्या हातानं माह्या सैपाकघरात पाय नको ठेवू." मी म्हणालो, "हातानं पाय कसा ठेवू वं." हे बोलणे चालू होते तेवढ्यात समोर डफ वाजत गेले. मी ओट्यावर आलो तर खांबाला दोरी नव्हती.

येथे साहेबांनी, म्हणजे उपनिरीक्षक सुमंत साहेबांनी, मारबत म्हणजे काय ते विचारले. साहेब सांगलीकडचे आहेत, नागपुरात नवीन आहेत. त्यावरून सांगतो की, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे काळ्या आणि पिवळ्या मारबतीची मिरवणूक निघते. या बांबू-कागदाच्या मोठ्या बाहुल्या असतात. सोबत गल्लोगल्लीचे बडगे असतात, म्हणजे त्या वर्षी जे काही वाईट असेल त्याचे सोंग. लोक ओरडतात, ईडा, पीडा, रोगराई, खोकला घेऊन जा गे मारबत. मग ते सर्व जाळतात. मारबतीसोबत गेलेले परत घरी आणत नाहीत. हे लहानपणापासून पाहत आलो आहे, यात चूक कोणाची नाही.

चंपतरावांनी यंदा आमच्या गल्लीचा डासाचा बडग्या केला होता. आदल्या रात्रीच्या पावसाने त्याचे पंख आणि सोंड गळून पडले. सकाळी ते उरलेला सांगाडा घेऊन निघाले असता आमच्या ओट्यावर पिवळा कुत्रा, गळ्यात पांढरे नरसाळे, असा बसलेला दिसला. त्यांना वाटले की मीच त्याचे सोंग सजवून ठेवले आहे. चंपतराव बाकावरून सांगतात ते असे, "साहेब, मी म्हटलं, नत्थूजीनं जिंदगीत पहिल्यांदा काहीतरी मजेचं काम केलं. माहा मच्छर तर लंगडा झाला, याचा बडग्या तर चालून राहिला."

साहेबांनी त्यांना विचारले, "विचारलं का नाही?"

ते म्हणाले, "इचारायचं काय साहेब. आपलाच कुत्रा. रोज माह्या घरची पोळी खाते."

डॉक्टरीण बाईंनी पोळी बंद करायला सांगितली होती, हे मी त्यांना आधीच सांगितलेले होते. हे लिहून घ्यावे.

नंतर त्यांनी मार्करने कॉलरवर बाहेरून मोठ्या अक्षरात लिहिले, खाज खरूज गोचीड घेऊन जा गे मारबत. अक्षर चंपतरावांचे आहे, ते नाकारत नाहीत. धोट्याला दोरीने धरून मिरवणुकीत नेले. लोकांनी हात जोडले, मोबाईलवर फोटो काढले. तो त्यांच्यासोबत नीट चालत गेला असे चंपतराव सांगतात. तो ओळखीच्या माणसासोबत कुठेही जातो. दोन्ही मारबती भेटतात त्या चौकात ढोल आणि गर्दी फार झाली. तेथे त्यांच्या हातातून दोरी सुटली. लोकांच्या पायातून तो कोणीकडे गेला ते दिसले नाही.

मी त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, जेथे मारबत जाळतात तेथे गेलो. राख पाहिली. बांबू होते, तारा होत्या, चिंध्या होत्या. प्लास्टिक जळलेले कुठे दिसले नाही. चंपतराव म्हणाले, "चल गा आता, काय पाहून राहिला." मी सर्व राख काडीने पाहिली आणि मग आलो.

नंतर आम्ही इतवारीपासून पुढे विचारत गेलो. भाजीबाजाराजवळ एक चहावाली बाई भेटली. तिने सांगितले की पिवळा कुत्रा मारबतीच्या दुपारी तिच्या दुकानापाशी येऊन बसला होता. तिने कॉलरवरचे वाचले आणि पाणी फेकून त्याला हाकलले. मी काहून म्हणून विचारले. ती म्हणाली, "बापा, घरात लहान लेकरू हाय. दुसऱ्याच्या घरची खरूज मारबतीसंगं चालली, ते मी काहून थांबवू? मले काय मालूम तो तुमचा हाय." बाई वाईट नव्हती. तिने मला चहा दिला. दुसऱ्या दिवशी कळमना मार्केटमध्ये एका चौकीदाराने सांगितले की असा कुत्रा बादलीत तोंड घालू पाहत होता, पण कॉलर बादलीच्या काठाला अडत होती. लोकांनी तेथूनही त्याला पुढे काढून दिले. त्यापुढे कोणी सांगत नाही.

साहेबांनी विचारले की तुमची तक्रार कोणाविरुद्ध आहे. मी सांगितले, कोणाविरुद्ध नाही. साहेब म्हणाले, "आजोबा, जनावराला त्रास दिल्याबद्दल गुन्हा होऊ शकतो. दोरी सोडून नेणं ही चोरीच झाली."

त्यावर चंपतराव उभे राहून म्हणाले, "लिहा साहेब माहं नाव. मी तयार आहो."

मी त्यांना म्हणालो, "खाली बस गा. तू आत गेला तर कळमन्याच्या पुढं माह्यासंगं कोण फिरीन? मले तर बसचा नंबर दिसत नाई."

हवालदार दीक्षाबाई लिहिता लिहिता हसल्या. चंपतराव बसले. त्यांचे नाव आरोपी म्हणून लिहू नये. पाहिजे तर साक्षीदार म्हणून लिहावे.

माझी विनंती अशी की, ही खबर पुढच्या ठाण्यांना आणि तुमच्या मोबाईलच्या ग्रुपवर पाठवताना कुत्र्याच्या वर्णनासोबत पुढील गोष्टीही पाठवाव्यात. साहेब म्हणाले की हा जबाब आहे, दवाखान्याचा फळा नव्हे. ते बरोबर आहे. परंतु ज्याला तो सापडेल त्याने दवाखान्याचा फळा वाचलेला नसेल.

सापडल्यास आधी गळ्यातली कॉलर काढावी. गाठ सुटणार नाही, कात्रीने कापावी, बोट आत घालून कापावी म्हणजे कातडीला लागणार नाही. कॉलर असेपर्यंत त्याला तांब्यातून, बादलीतून पाणी पिता येत नाही, पसरट घमेल्यात द्यावे. पाणी साचलेले देऊ नये, उंदरांच्या मुताने पावसाळ्यात ताप येतो. त्याची त्या तापाची सुई झालेली आहे, तरी देऊ नये. पायाच्या बोटांमध्ये चिखल राहिला तर तेथे सडते, कोरड्या फडक्याने पुसावे. पुसताना तो पाय ओढतो, चावत नाही. गोचीड दिसली तर बोटाने उपटू नये, काडीने जाळू नये, चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढावी. अंगाला रॉकेल किंवा गाडीचे जळके तेल लावू नये, लोक पुण्य म्हणून लावतात, त्याने जनावर मरते. त्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवावे. आंघोळ घालू नये. पिवळा रंग औषधाचा आहे, तो आजार नाही. केस येत होते. डॉक्टरीण बाईंनी स्वतः बोट लावून मला दाखवले होते. पुढचे पाणी लावायची वेळ झाली आहे. कोणी त्याला सरळ दवाखान्यात सोडले तरी बाई ठेवून घेतील, त्यांनी तसे सांगितले आहे.

घरी माझी पत्नी म्हणते की मारबतीसोबत गेलेले परत आणत नाहीत, गेले ते गेले म्हणावे. तिचे म्हणणे मी ऐकून घेतले. ओट्यावर पाण्याचे घमेले मात्र तिनेच ठेवले आहे आणि सकाळ-संध्याकाळ ती ते पाणी बदलते. तिला कोणी काही विचारू नये.

दीक्षाबाईंनी जबाब एकदा वाचून दाखवला तेव्हा त्यात, मारबतीसोबत पाठवलेला कुत्रा, असे लिहिले होते. ते मी खोडायला सांगितले. कॉलरवर लिहिलेले लोक वाचतात आणि त्याला पुढे हाकलतात. तो ज्या दारात जाईल तेथे ते लिहिलेले त्याच्या आधी पोचते. त्याला वाचता येत नाही, त्यामुळे आपल्याला काहून हाकलतात ते त्याला समजत नसेल. म्हणून खबर पाठवताना एवढे एक वाक्य लिहावे की, हा कुत्रा घरचा आहे, त्याला आम्ही पाठवलेले नाही. जागा कमी पडली तर गोचीड, घमेले, बाकीचे सर्व गाळले तरी चालेल. हे वाक्य गाळू नये.

खोडून दुरुस्त केलेला जबाब दीक्षाबाईंनी मला पुन्हा सावकाश वाचून दाखवला. मी सांगितले तसाच आहे. खाली माझी सही आहे, ती मी स्वतः केली. माझ्याकडे मोबाईल नाही, चंपतराव बोकडे यांचा नंबर दिला आहे, ते तो रात्री बंद करणार नाहीत. बरे असो वा वाईट असो, कळले की कळवावे. लवकर कळवावे.

सही
नत्थूजी पांडुरंग हेडाऊ