आजपासून माझी सही चालते

हॅलो?… हो आई, मीच… नाही, झोपले नव्हते. बाहेर बाकावर बसलेय. तू होतीस कुठे? चार वेळा फोन लावला… बरं. नंतर सांगते. तू बोल आधी…

थँक्यू… अगं हो, मिळाला आशीर्वाद. सकाळी एकदा दिलास, आता परत?… नाही, केक नाही खाल्ला. सिस्टरनी आणला होता, एवढासा. बघितला नुसता. तीन महिने उकडलेलं खाऊन आता केक बघितला की छातीत धडधडतं… नऊ किलो. हो, परत केलं वजन. लिव्हरवरची चरबी सगळी उतरली म्हणाले. आता बाबा भोपळा कसं म्हणतील, दोडका झालाय तुझा.

हो, दहालाच झाली सही. फॉर्म घेणाऱ्या बाई म्हणाल्या, अठरा पूर्ण झाली ना, जन्माचा दाखला दाखव. दाखवला. तीन-तीनदा विचारलं, कुणी जबरदस्ती नाही ना केली? म्हटलं, मीच सगळ्यांवर करतेय… हो, स्वतःच्या हाताने. माझ्या लिव्हरचा तुकडा बाबांना द्यायला माझी हरकत नाही, असं लिहिलेलं. खाली सही… अगं, तू कशाला वाईट वाटून घेतेस? तुझी शुगर, त्याला तू काय करणार?

काय आलं?… पलंग? आज?… दोन्ही?… मिस्त्रीकाकांनी स्वतः बनवले? बाबांच्याच रंध्याने?… हो, उंच केलेत ते बरं केलं. टाके असताना वाकायला नको… उतरवत होतात, म्हणून फोन ऐकू नाही आला… हं. कळलं.

कुठलाही ठेव गं खिडकीपाशी… बाबांचा ठेव. माझा ठेव. कुठलाही… नाही, चिडले नाही. आई, ऐक ना… हो, मध्ये स्टूल मावेल… घंटी कशाला? हाक मारू की आम्ही… अगं ऐक ना जरा… पडदे नंतर धू… अगं बाई, राहू देत ना ते पडदे!

नाही… ओरडले नाही. इथे ट्रॉल्या जातात ना, ऐकू येत नाही म्हणून.

काका आहेत का अजून?… त्यांना म्हणावं, जाऊ नका. आणि तू बस… पलंगावर बस. बसलीस?

ऑपरेशन होणार नाही.

गुरुवारी नाही… पुढच्या गुरुवारीही नाही. आई, पुढे नाही ढकललं गं. रद्द केलं… माझं काही नाही! माझं सगळं ठणठणीत आहे, तेच तर. बाबांच्या रक्तात जंतू पसरलेत. पहाटे ताप चढला, तो उतरेचना. मी सही करून वर आले तर त्यांना आयसीयूत हलवलेलं… मोठे डॉक्टर आले होते. म्हणाले, आत्ता टेबलावर घेतलं तर टेबलावरच जातील… म्हटलं ना! म्हटलं, आज सही केलीय, आत्ता घ्या, हवं तेवढं घ्या. कोट धरला मी त्यांचा. म्हणाले, बाळ, तुझं लिव्हर उत्तम आहे. आणि गेले.

दुसरं हॉस्पिटल?… आई, त्यांना लिफ्टपर्यंतसुद्धा नेता येणार नाही.

रड. रड तू, पण फोन ठेवू नकोस… निघ आत्ता. काकांना गाडी काढायला सांग. अडीच तास लागतील… पोचशील का, ते मला नाही माहीत. खोटं कसं सांगू?

नाही, बोलत नाहीत. हात दाबला की थोडा दाबतात. मघाशी दाबत होते.

मशीन… तेच सांगायचंय. श्वासाचं मशीन लावायचं का, विचारलं त्यांनी. लावलं तर एखादा दिवस जास्त. नळ्या घालून, हात बांधून. पण परत डोळे उघडणार नाहीत… नाही. नाही लावलं… मी नको म्हटलं. त्याचाही फॉर्म असतो… केली मी सही. वीस मिनिटं झाली.

लावला होता ना तुला फोन! चार वेळा! ते थांबेनात. घरातलं मोठं कोण आहे, म्हणून विचारलं. मी मागे वळून बघितलं आई, खरंच. मागे कुणीच नव्हतं. मग म्हटलं, मी.

मारलं नाही मी त्यांना!… असं नको ना बोलू… बाबांनीच सांगितलं होतं मला, नळ्या नकोत…

थांब. अजून आहे. तू दुसऱ्याकडून ऐकशील, त्यापेक्षा मीच सांगते. परवा दुपारी त्यांना थंडी वाजली. तू घरी निघालीस आणि तासाभराने. दात वाजत होते. म्हणाले, भोपळ्या, सिस्टरला कळू देऊ नकोस, ताप निघाला तर हे लोक तारीख बदलतील, चारच दिवस तर राहिलेत… मी माझी चादर घातली त्यांच्या अंगावर. आणि ती थर्मामीटर घेऊन आली ना, त्याच्या आधी त्यांना गार पाणी दिलं. तोंडात धरून ठेवायला… हो. दोनदा. रात्री पण.

सांगितलं डॉक्टरांना. परवाच कळलं असतं तर वाचले असते का, असंही विचारलं. चष्मा पुसत बसले. 'नाही' म्हणाले नाहीत.

आई?… बोल काहीतरी… शिव्या दे, पण बोल… आई?

हॅलो?… कोण, काका?… तिला द्या ना फोन… माझ्याशी नाही बोलायचं म्हणते?… बरं… नाही, काही नाही. बरं. पाणी द्या तिला. तिच्या गोळ्या घ्या बरोबर, फ्रीजवर आहेत, आणि चप्पल घातलीय का बघा, नाहीतर तशीच निघेल…

एक मिनिट हं काका. सिस्टर बोलावतायत… हो सिस्टर?… काय?… कधी?… आत्ता?

हं… हं. येते.

हॅलो, काका… हो, आहे. काका, तिला ऐकू जाईल असं काही बोलू नका. नुसतं हो-नाही म्हणा. गाडी सावकाश चालवा. आता घाई नाही… हो काका. हो. आत्ताच… नका ना रडू, तिला कळेल. तिला तुम्ही सांगू नका. इथे आली की मी सांगेन… नाही बोलली तरी चालेल. मीच सांगेन. ठेवते.