पुढची सीट

बारामतीच्या आरटीओतल्या रांगेत वल्लरीनं मोबाईल पर्समध्ये टाकला. तिच्या पुढचे अंथुर्ण्याचे रामहरीआबा खिडकीतून कागद घेऊन वळले होते, आणि त्यांच्या शकुबाईंचा आवाज चढला होता.

"झाली का जीपची नोंद?"

"झाली! पन्नाशी उलटली म्हणून व्हिंटेज."

"आन वडाप?"

"बंद. भाडं मारायला कायद्यानं बंदी. रोज रस्त्यावर काढायची पण न्हाय."

"मंग काढायची कवा?"

"प्रदर्शनाला, दुरुस्तीला, न्हायतर पेट्रोल भरायला."

"पुढच्या सीटवर कोण बसंल?"

"कोण म्हंजी?"

"लगीन करून आले तवापास्नं ती सीट भाड्याची. लेकीच्या बारशाला जाताना बी मला मागं कोंबली, कोंबड्यांच्या पाटीशेजारी."

"धंदा व्हता गं त्यो."

"आता न्हाय ना? चला, पेट्रोल भरायला."

"हितं कोपऱ्यावर पंप हाय की."

"इंदापूरच्या पंपावर!"

"अगं, पॅसिंजरनं गाडी भरल्याबिगार माझा पाय क्लच सोडत न्हाय. जल्माची सवय."

"मी पुढं बसले, की भरली गाडी."