काकूचा विडा

बागेत जोडपी हात धरून बसली म्हणून तुम्ही काय चिडायलाव! आमच्या जनवाड्याच्या काकूचं ऐका.

माझ्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात सगळी भावकी जमली होती. काकूनं नवरीला ओठांत पानाचा विडा धरायला लावला अन् मला म्हणाली, "अर्धा तोड. हात लावायचा न्हाई, दातानंच!" मी लाजून मागं सरकलो, तर तिनं माझं मुंडकं धरून पुढं ढकललं. बाया हसायल्यात, पोरं मोबाईलवर शूटिंग करायलेत, अन् बायको डोळे गच्च मिटून बसलेली. तोडला एकदाचा.

संध्याकाळी आम्ही दोघं मारुतीच्या दर्शनाला निघालो. वाटेत खडी होती. नव्या चपलेत बायको अडखळली म्हणून मी तिचा हात धरला, अन् मग सोडलाच न्हाई. तेवढ्यात मागनं काकू ओरडली, "सोड तो हात! लाज हाय का न्हाई? सगळं गाव बघायलंय!"

मी म्हणलं, "काकू, सकाळी तर गाव गोळा करून तूच..."

"ती रीत होती," काकू म्हणाली. "आता तू आवडीनं करायलास!"