पिवळी भिंत दिसते का?

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या विमानतळाचे संचालकसाहेब, मुद्दाम एवढा प्रवास करून आलेले प्रमुख पाहुणे, म्हणजे आपले जुने कॅप्टन, ज्यांच्या निवृत्तीच्या निरोपासाठी आपण जमलो आहोत ते हवामान कक्षाचे निरीक्षक, आपल्या सगळ्यांचे मास्तर, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या सौभाग्यवती, आमच्या वहिनी, आणि ड्यूटी नाही म्हणून आलेले नि ड्यूटी असूनही दारातून डोकावणारे माझे सगळे सहकारी,

मला बोलायला पाच मिनिटं दिली आहेत. टॉवरमध्ये बसणाऱ्या बाईला पाच मिनिटं म्हणजे चैनच. आम्ही विमानांशी दिवसभर चार-चार शब्दांत बोलतो. उरलेले शब्द पोटात साठतात आणि माइक हातात आला की बाहेर पडतात. तेव्हा संचालकसाहेब, घड्याळाकडे बघू नका. मी बघत नाहीये.

आपण बसलोय ते जुनं आगमन दालन. माझ्या मागचा पट्टा, ज्यावर आज फुलं मांडली आहेत, त्यावरून बॅगा यायच्या. नव्या इमारतीत काचा आहेत, सरकते जिने आहेत. पण समारंभ इथेच व्हावा असा हट्ट मी धरला. का धरला, ते पुढे कळेल.

आपला विमानतळ मूळचा गवताचा. हे मी पाहिलेलं नाही, मास्तरांकडून ऐकलेलं आहे. मधोमध चुन्याची एक रेघ, बाजूला पत्र्याची शेड आणि शेडमध्ये एक वजनकाटा. विमान इतकं लहान की बॅगांबरोबर प्रवाशांनाही काट्यावर उभं करायचे आणि वजन मोठ्याने पुकारायचे. काही बायका म्हणे त्या भीतीनेच शेवटपर्यंत बसने गेल्या. मग डांबर आलं, दिवे आले, टॉवर आला. आणि एक दिवस समुद्रापलीकडून पहिलं विमान आलं आणि आपण आंतरराष्ट्रीय झालो.

झालो म्हणजे काय झालो? पासपोर्टवर मारायचा शिक्का होता ड्रॉवरमध्ये, आणि ड्रॉवरची किल्ली होती सुट्टीवर गेलेल्या साहेबांच्या खिशात. सुतार येईपर्यंत त्रेसष्ट माणसं तिकडच्या देशातून निघालेली होती आणि आपल्या देशात पोचलेली नव्हती. एका आजीबाईंनी विचारलं, "अरे, मग आम्ही आहोत तरी कुठे?" मास्तर चहाची किटली घेऊन उभे होते. ते म्हणाले, "आजी, तूर्तास माझ्या खोलीत. बसा." आणि तीस-पस्तीस माणसं त्यांच्या त्या एवढ्याशा कक्षात, नकाशांखाली, वाऱ्याच्या आलेखांखाली बसून चहा प्यायली. मला वाटतं, तो तास त्या माणसांना कुठल्याही देशापेक्षा जास्त लक्षात राहिला असेल.

आता मास्तरांचं काम. बाहेरच्या मंडळींसाठी सांगते. विमान उतरवायचं तर वैमानिकाला किती लांबचं दिसेल, हे आम्हाला आधी कळावं लागतं. त्यासाठी धावपट्टीच्या कडेला आता यंत्र बसलंय, ते उद्यापासून चालू होईल. आजपर्यंत यंत्र म्हणजे मास्तरांचे डोळे. त्यांच्या भिंतीवर हाताने काढलेला एक तक्ता होता. पाण्याची टाकी दिसली, तर तीन हजार मीटर. शाळेचं छप्पर दिसलं, तर दीड हजार. आणि पिवळी भिंत दिसली, तर आठशे. आठशेच्या खाली विमान उतरवायचं नाही. दर अर्ध्या तासाने मास्तर लोखंडी जिन्याने गच्चीवर जायचे. मोजून अठरा पायऱ्या, त्यात त्यांचा उजवा गुडघा तेव्हापासूनच रुसलेला. बघायचे, खाली यायचे, नोंदवहीत लिहायचे आणि टॉवरला फोन करायचे. "ताई, आज दीड हजार." वयाने माझ्यापेक्षा केवढे मोठे, पण पहिल्या दिवसापासून ताई.

ती पिवळी भिंत कुणाची? यांच्याच घराची! भाड्याने घेतलेल्या घराची मागची भिंत बरोब्बर आठशे मीटरवर निघाली आणि बिचाऱ्या वहिनींच्या नशिबी जन्मभराचा पिवळा रंग आला. दरवर्षी पिवळा. बरं, साधा नाही, लांबून उठून दिसेल असा भडक. एके वर्षी वहिनींचं डोकं फिरलं. मास्तर कामावर असताना त्यांनी रंगाऱ्याला बोलावून भिंत राखाडी करून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी धुरकट होतं, टाकी आणि शाळा दिसत नव्हतीच. मास्तर गच्चीवर गेले. भिंत नाही! त्यांनी डोळे चोळले, चष्मा पुसला. भिंत नाही ती नाहीच. त्यांनी नियमाप्रमाणे आठशेच्या खाली लिहिलं आणि आम्ही विमान रोखून धरलं. धावपट्टी मात्र मला टॉवरमधून चांगली दिसत होती. वीस मिनिटांनी वहिनींचा फोन. "अहो, जाताना मागे वळून बघितलंत का घराकडे? रंग बदललाय." घरातून निघताना मागच्या भिंतीकडे कोण बघतं हो? वहिनी, हसू नका. एक्काहत्तर प्रवासी तुमच्या रंगापायी खोळंबले होते.

थांबते जरा. विमान चाललंय.

गेलं. सवय आहे ना आपल्याला, बोलता बोलता थांबायची.

आता मुद्द्याचं बोलते. अकरा वर्षांपूर्वी माझी आई इथल्या रुग्णालयात होती. डॉक्टरांनी आशा सोडली होती. माझा दादा समुद्रापलीकडे नोकरीला. तो सकाळच्या विमानाने निघाला होता आणि आईने त्याच्यासाठी जीव धरून ठेवला होता. माझी त्या दिवशी सुट्टी होती. पण आईच म्हणाली, "तू इथे बसून काय करणार? मावशी आहे माझ्याजवळ. तू जा. तूच उतरव त्याला." तिची आयुष्यभर समजूत होती, की आभाळातली विमानं माझ्या आवाजाने खाली येतात. मी ती कधी खोडली नाही. मी बदली ड्यूटी मागून घेतली आणि टॉवरमध्ये जाऊन बसले.

धुकं मी खूप पाहिलंय. पण त्या सकाळचं निराळंच होतं. टॉवरच्या काचेबाहेर नुसता पांढरा पसारा. खाली धावपट्टी नाही, इमारती नाहीत, आपला टॉवर जमिनीला जोडलेला आहे याचीही खात्री वाटेना. आणि वर लख्ख ऊन. त्या पांढऱ्यावर ऊन पडलं होतं आणि इतकं सुंदर दिसत होतं, की मला त्या सुंदर दिसण्याचा राग आला. नऊ वाजून दहा मिनिटांनी विमानाचा आवाज आला. दादा तिथे होता, माझ्या डोक्यावर. मला ऐकू येत होता. या कॅप्टनसाहेबांचा आवाज आला, "चाळीस मिनिटं फिरू शकतो. सांगा." मी मास्तरांना फोन केला. "मास्तर, पिवळी भिंत दिसते का?"

"नाही, ताई."

दहा मिनिटांनी पुन्हा. "नाही, ताई." पुन्हा. "नाही."

मग मी जे केलं, ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी म्हणाले, "मास्तर, आठशे लिहा. भिंत कुठे पळून जाणारे का? तिथेच आहे ती. माझा दादा आहे वर. आई वाट बघतेय." मग ते म्हणाले, "ताई, भिंत आहे हे मला ठाऊक आहे. मी राहतो तिथे. पण दिसत नाही."

नऊ पन्नासला मी ते विमान दुसऱ्या शहराकडे वळवलं. माझ्याच आवाजात मी माझ्या भावाला परत पाठवलं. ज्या आवाजाने आईला वाटायचं विमानं खाली येतात, त्याच आवाजात. तो आवाज लांब लांब जाताना ऐकत बसले. तिथून दादा गाडी करून आला. सगळे मिळून पाच तास लागले. आई एक वाजता गेली, दादा तीन वाजता पोचला.

मी मास्तरांशी बोलणं टाकलं. म्हणजे कामाचं बोलत होते, आकडे घेत होते. "ताई, आज टाकी दिसतेय." "नोंद केली." बस, एवढंच. त्यांनी ताई म्हणणं सोडलं नाही आणि मी मास्तर म्हणणं सोडलं. वहिनींनी दोनदा घरी बोलावलं, मी दोन्हीदा सबब सांगितली. अकरा वर्षं. एकाच आवारात, एकाच उपाहारगृहात, दोन टेबलं सोडून. मला वाटायचं, या माणसाच्या छातीत काही हाललंच नसेल. नियम पाळला, वही मिटली, घरी जाऊन जेवला असेल.

पंधरा दिवसांपूर्वी जुना हवामान कक्ष रिकामा करायचं काम निघालं. नोंदवह्या गोदामात हलवायच्या होत्या आणि यादीवर सही माझी हवी होती. त्या वर्षाची वही समोर आली. मी ठरवलं होतं उघडायची नाही. उघडली.

नियम काय? अर्ध्या तासाला एक नोंद. त्या पानावर नऊ वाजून दहा मिनिटांनी नोंद आहे, "भिंत नाही." मग नऊ वाजून बारा मिनिटांनी आहे. चौदाला आहे. सोळाला आहे. दर दोन मिनिटांनी. मी फोन दहा मिनिटांनी करत होते आणि हा माणूस दर दोन मिनिटांनी तो रुसलेला गुडघा घेऊन अठरा पायऱ्या चढत होता, उतरत होता आणि लिहीत होता. भिंत नाही. भिंत नाही. भिंत नाही. नऊ पन्नासपर्यंत एकवीस वेळा. अक्षर शेवटी शेवटी वेडंवाकडं झालंय. आणि विमान गेल्यावरही थांबले नाहीत. कदाचित परत बोलावता येईल म्हणून असेल, मला माहीत नाही. दहा चाळीसला नोंद आहे, "पिवळी भिंत दिसली." आणि त्याच्यापुढे, जिथे आकड्याखेरीज काही लिहायची मुभा नसते, तिथे दोन शब्द आहेत. "उशीर झाला."

मी त्या रिकाम्या खोलीत, याच दालनाच्या पलीकडच्या खोलीत, म्हणून तर समारंभ इथेच हवा होता, खुर्ची नव्हती म्हणून जमिनीवर बसून रडले. भरपूर रडले. सुतारही होता तिथे कपाटं सोडवायला. तो बिचारा हातोडी ठेवून बाहेर जाऊन उभा राहिला.

मग मी कॅप्टनसाहेबांना फोन केला. विचारलं, "त्या दिवशी मी आठशे म्हणाले असते तर?" साहेब, तुमची परवानगी घेऊनच सांगते. हे म्हणाले, "तर आलो असतो. तुमच्या शब्दावर डोळे मिटून आलो असतो. आणि त्या धुक्यात मला धावपट्टी सापडली नसती." एकशे अठरा माणसं होती विमानात. त्यातलं एक माणूस आज इथे तिसऱ्या रांगेत, खांबाशेजारी बसलंय. केस पिकलेत, पोट सुटलंय, मघापासून उगाच मोबाइल बघतंय म्हणजे डोळे पुसायला निमित्त शोधतंय. दादा, राहू दे. पूस डोळे.

आई, तू मला म्हणाली होतीस तूच उतरव त्याला. मी त्याला मारायला निघाले होते गं. मास्तरांनी वाचवला.

माफ करा. पाणी घेते.

हं. तर मंडळी, उद्यापासून अंतर यंत्र मोजेल. चांगलं यंत्र आहे, माझी तक्रार नाही. वहिनी, उद्यापासून तुम्हाला हवा तो रंग लावा, आमचं एकही विमान अडणार नाही. फक्त एवढं वर्ष राहू द्या, अशी विनंती आहे. माझ्यासाठी.

आयोजकांचे आभार, फुलं मांडणाऱ्या आमच्या सफाई विभागातल्या बायकांचे आभार, ज्यांनी माझ्यासाठी टॉवर सांभाळलाय त्या धाकट्या सहकाऱ्याचे आभार. भाषणाच्या शेवटी बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर क्षमा मागायची पद्धत आहे. मी सभेची क्षमा नंतर मागेन. आधी मास्तर, तुमची मागते. त्या सकाळी मी बोलू नये ते बोलले आणि नंतर अकरा वर्षं बोलायला हवं होतं ते बोलले नाही. जमलं तर माफ करा.

आज संध्याकाळी दादाला घेऊन तुमच्याकडे चहाला येतेय. पत्ता सांगायची गरज नाही. मला टॉवरमधून रोज दिसतं तुमचं घर.