वानोळ्याचं हिंदी

मी मूळची वरुडकडची, संत्र्याच्या पट्ट्यातली, पन बाप माहा संत्र्याचा मालक नव्हता, दुसऱ्याच्या बगिच्यात आळे करनारा, पानी देनारा मानूस होता. तवा माती काई मले नवी नाई. लग्न ठरलं तं सांगतलं पोरगा भोपाळचा हाय, माह्या मायले वाटलं पोरगी शहरात चालली, गॅसवर सैपाक करीन, नळाचं पानी भरीन. काय सांगू तुमाले ताई, येऊन पाह्यते तं भोपाळच्या पार टोकाले, अवधपुरीच्याही मागं, अन् तवा तं अवधपुरीत बी आतासारखे घरं नव्हते, नुसती काळी जमीन, एक विहीर, एक टिनाची खोली अन् दोन एकराले बाभळीच्या काट्यायचं कुंपन. माय भेटाले आली तं डोयाले पदर लावून बसली. म्या म्हनलं रडतं काहून वं माय, वांगं इथं बी वांगंच हाय.

जमीन कशी आली ते सांगते, नाई तं पुढचं समजनार नाई. सासऱ्यानं तिकडची वाडवडिलाची जमीन विकली अन् त्याच पैशात इथं दोन एकर घेतली, काहून की मोठा पोरगा, म्हनजे माहे भासरे, इथल्या मोठ्या सरकारी कारखान्यात लागले होते, बरखेड्यात त्यायले क्वार्टर भेटला होता. सासरा म्हने दोघं भाऊ एका गावात राहतीन. कागद भासऱ्याच्या नावानं झाला, इथलं राशनकार्ड त्यायचंच होतं, आमचे हे तवा गावाकडं सामान बांधून राह्यले होते. सासरा म्हने नाव कोनाचं बी असो, पोटं दोघायचे भरतीन, मोठ्यानं नोकरी करावी, धाकट्यानं शेती. असं बोलून सासरा मोकळा झाला अन् दोन वर्सात मरून बी मोकळा झाला. लिहून काई ठेवलं नाई. घरच्या घरात कोन लिहिते ताई?

उन्हाळा म्हनजे आमचा सीझन. लोक म्हनते उन्हाळ्यात शेतकरी बसून राहते, भाजीवाल्याचं उलटं असते बाप्पा. पावसाळ्यात सगळ्यायच्याच घरी भाजी, वैशाखात ज्याच्या विहिरीत पानी त्याचीच भाजी. भेंडी, गिलकी, लौकी, काकडी, चवळीच्या शेंगा. दुपारी लू अशी चालते का टिनाले हात लावता येत नाई, तवा आमी विहिरीच्या कडुलिंबाखाली पडून राहाचं, अन् शनिवारी ऊन उतरलं का तोडा सुरू, काहून की हाट इतवारचा. भेंडी तोडाले मी लुगड्यावरून ह्यायचा जुना फुल बाह्याचा शर्ट घालते, नाई तं खाज सुटते, रातभर हात खाजवत बसा. अन् भेंडी दोन दिवस राह्यली तं जून होते, मंग तिले ढोरं बी तोंड लावत नाई. मानसाले थांबवता येते, भेंडीले नाई. तोडून झालं का ओलं बारदान झाकाचं, सकाळी परत पानी माराचं, तवा कुठं हाटात माल तरतरीत दिसते.

हाटात पह्यले पह्यले लय फजिती झाली माही. मी ओरडत होती सांभार घ्या, सांभार घ्या, ताजा सांभार. आमच्याकडं कोथिंबिरीले सांभारच म्हनते ना. एक बाई आली, माह्या टोपल्यात वाकून पाह्यते अन् म्हनते अम्मा, सांभर है तो डोसा किधर है? सारा हाट हसला. आमचे हे बी हसले, तोंड फिरवून, मले दिसू नाई म्हनून. मंग मी धनिया म्हनाले शिकली. अशे एकेक शब्द शिकत गेली. पन ताई, जे शब्द विकाले लागते तेवढेच शिकली मी, बाकीचे कोनी विचारलेच नाई.

आता वानोळा. तुमाले तं मी काय सांगावं, शेतातलं पह्यलं निघालं का आपल्या मानसाच्या घरी पाठवाचं, मोल नाई, मोजमाप नाई, तो वानोळा. दर शनिवारी तोडा झाला का पह्यली थैली बरखेड्याले. हाटाच्या टोपल्या मागून भरायच्या. कवळी गिलकी, बोटाएवढी भेंडी, निवडून निवडून, जे गिऱ्हाईकाले दिलं तं दोन रुपये जास्तीचे येतीन ते सगळं त्या थैलीत. आमचे हे आधी सायकलवर न्याचे, मंग लुनावर. एकही शनिवार चुकला नाई. माहं पह्यलं बाळंतपन शुक्रवारी झालं, तं शनिवारची थैली ह्यायनं एकट्यानं भरली. जाऊबाई थैली उघडून म्हनत, पुढच्या शनिवारी गिलकी जरा अजून कवळी पाठव. मले राग नाई यायचा. मोठं घर हाय, हक्कानं मागते म्हनून मलेच बरं वाटायचं. एवढी मूर्ख मी.

मंग कॉलन्या आल्या. एकीकडून भिंत, दुसरीकडून भिंत, मधात आमची भेंडी. भासरे रिटायर झाले, त्यायच्या पोराले बंगल्यासाठी पैसे पायजे होते, एक दिवस गाडीतून दोन मानसं घेऊन आले अन् पावलानं जमीन मोजाले लागले. आमचे हे पानी घेऊन गेले. परत आले तं म्हने, दादा विकून राह्यले. म्या म्हनलं विकू द्या त्यायची एक एकर, आपली एक एकर राहीन. तं हे उठून वाफ्याले पानी द्याले गेले. तीन दिवस पानीच देत राह्यले. मंग मीच धक्का देऊन बरखेड्याले पाठवलं, तं भासरे म्हने कागद पाह्य, कागदात तुहं नाव दाखव. मी म्हनलं आता चूप नाई बसायचं. बाजूच्या वकिलाकडून अर्ज लिहून घेतला, तहसिलीत लावला, का ही जमीन घरची हाय, सासऱ्याच्या पैशाची हाय, अर्धी आमची हाय.

चौकशीले पटवारी आला तो दिवस गेल्या जेठातला. भासरे अन् जाऊबाई कडुलिंबाखाली खुर्चीवर, खुर्च्या बी आमच्याच. मी भेंडीतून आली, हात तसेच. पटवारी बोलाले गोड होता, म्हने दीदी, घबराओ मत, बस इतना बताओ, हर हफ्ते इनके घर सब्जी जाती थी? म्या म्हनलं हओ साहब, जाती थी, एक हफ्ता नहीं चूका. मले वाटलं हे तं आपल्याच बाजूचं हाय, आमी कसं निभावलं ते लिहू दे त्याले. म्हने किस बात की सब्जी? आता माह्या तोंडात वानोळा. पन वानोळ्याले हिंदीत काय म्हनते? दान म्हनू तं दान बामनाले. भेट म्हनू तं भेट लग्नातली. सगळे माह्या तोंडाकडं पाहून राह्यले, अन् मी म्हनून बसली, साहब, वो इनका हिस्सा था, पहला हिस्सा बड़े घर का. मले मान म्हनायचा होता ताई! मोठ्याचा मान! त्यानं विचारलं, हिस्सा मतलब बटाई का? मले बटाई म्हनजे वाटून खानं वाटलं, भाऊ भाऊ वाटून खाते तसं. म्या म्हनलं हओ साहब, बाँट के ही खाते हैं.

त्यानं लिहून घेतलं. सही मागतली. मी अंगठा नाई लावला, पाचवी शिकली हाय, सही केली, अन् मनात खूशच होती का बाई म्हनून मलेबी विचारलं. मागून वकिलानं वाचून दाखवलं तवा पायाखालची जमीन सरकली. बटाईदार. दुसऱ्याची जमीन कसून हप्त्याच्या हप्त्याले मालकाचा हिस्सा पोचवनारे. माह्याच तोंडानं मी स्वतःले मजूर केलं. अर्ज फेटाळला. माहा बाप दुसऱ्याच्या बगिच्यात मेला, मले वाटत होतं मी तरी आपल्या मातीत हाव.

लोक म्हनते भासऱ्याले शाप दे. कायले देऊ? त्याले जमीन पायजे होती, तो चूप राह्यला, त्याचं गनित सरळ हाय. जाऊबाई अमरावतीची, तिच्या माहेरून संत्र्याचा वानोळा यायचा, तिले तो शब्द माहीत नसन का? ती मोबाईल पाहत बसली. तिचंही सोडा. पन ताई, माहा नवरा तिथंच उभा होता, पटवाऱ्यासाठी पान्याचा गिलास घेऊन. तीस वर्सं हाटात बसलेला मानूस, त्याले हिस्सा समजते, बटाई समजते, सगळं हिंदी समजते. त्यानं एवढंच म्हनायचं होतं, साहब, इसको ऐसा नहीं कहना है. एवढंच. घरी येऊन म्या विचारलं, काहून नाई बोलले तुमी? तं म्हने, दादा समोर होते ना.

बस. दादा समोर होते. अन् मी कुठं होती?

जमीन घेनारे आता दिवाळीपर्यंत राहा म्हनले हायत. चवळीच्या वाफ्यातून चुन्याच्या रेघा मारून गेले. मी रेघेच्या इकडंही तोडते, तिकडंही तोडते, इतवारी हाटात बसते. पोरीच्या घरी जाऊन राहू म्हनते हे, पोरगी बी हो म्हनते, जाऊ. सैपाक करते, वाढते, ह्यायले दवाई देते. भांडत नाई. भांडाले समोर मानूस लागते.

परवा वटपौर्णिमा झाली. इथल्या बाया अमावस्येलेच वड पुजून मोकळ्या होते, पुनवेले आपली मराठी बाई एकटीच. हेच लुनावर घेऊन गेले मले, अन् लांब उभे राह्यले. दोरा गुंडाळला, फेऱ्या मारल्या. दरसाल मागते तसं ह्यायले आयुष्य मागतलं, तब्येत मागतली, मनापासून मागतली, खोटं कायले बोलू. मंग हात जोडून म्हनलं, देवा, पन हा सातवा जनम समज.

घरी येता येता ह्यायनं विचारलं, काय मागतलं वं? इतक्या वर्सात पह्यल्यांदाच विचारलं. म्या म्हनलं, तुमचंच चांगलं मागतलं. तं खूश झाले.