उभी हरणी

(बशीवर कप टेकल्याचा एकच, स्वच्छ आवाज. मग पुन्हा शांतता.)

सून : बघा. खडखडला नाही.

सासरे : काय खडखडलं नाही?

सून : कप. हात थरथरत असला की कप बशीवर खडखडतो, अण्णा. मी समोर असले की तुमचाही खडखडतो. आज तुम्हाला वाटलं, मी आत पिल्लूची वेणी घालतेय.

सासरे : पूर्वीच्या सुना दाराआडून बोलणं ऐकायच्या. हल्लीच्या कपबशा ऐकतात.

सून : पाच वर्षं मी लोकांना सांगतेय, अण्णांचा हात गेला. बंदुकीवरची वेलबुट्टी मी कोरते, पानं मी कोरते, मालकाचं नाव मी कोरते. कुणी जनावर कोरून मागितलं की त्याला परत पाठवते. आणि तुमचा हात शाबूत?

सासरे : तो पुतण्या काय म्हणाला?

सून : विषय बदलू नका.

सासरे : बदलत नाही. बंदूक त्याच्या काकाची, काका वारले, आता हा चार वाजता न्यायला येणार. एवढं मलाही कळलंय. पुढचं सांग.

सून : म्हणाला, सगळी बंदूक कोरून झालीये, एका हरणीचा एक डोळा राहिलाय, आणि तेवढ्याला पाच वर्षं? आज झाला नाही तर तशीच उचलून दुसरीकडे देणार. तिथे यंत्रावर दोन मिनिटांत डोळा पाडून देतात म्हणे.

सासरे : पाडू देत.

सून : तुमच्या मुलाने कोरलेल्या हरणीला यंत्राचा डोळा?

सासरे : आपल्यात डोळा शेवटी कोरतात. तो झाला की काम संपलं. काम संपलं की ते घराबाहेर जातं.

सून : म्हणून मीही गप्प होते. म्हटलं, आंधळी का होईना, घरात आहे. रोज तिच्यावरची धूळ पुसते मी. पण आज ती जाणारच. डोळ्यासकट नाहीतर डोळ्याशिवाय.

नात : आई, हळू बोला ना. मी तिच्यावर फडकं घातलंय.

सून : कुणाला गं?

नात : हरणीला. तिला डोळा नाही, म्हणजे ती झोपलीये.

सासरे : खरंय तुझं, पिल्लू. तू असं कर, पुढच्या खोलीत खिडकीशी बस. निळी गाडी दिसली की आम्हाला सांगायचं. महत्त्वाचं काम आहे.

नात : झोपायचं नाही?

सासरे : पहारेकरी झोपतो का कधी?

सून : गेली. आता मी एक विचारते. सकाळी तुमची ठशांची वही काढली होती. डोळे कसे कोरायचे ते बघून शिकावं म्हटलं. प्रत्येक बंदुकीचं काम झालं की त्यावर काजळी चोळून तुम्ही कागदावर ठसा घेतलाय, एकही चुकवलेला नाही. फक्त मधलं एक पान नाही.

सासरे : उंदराने खाल्लं असेल.

सून : उंदीर पट्टी धरून सरळ रेघेत खात नाही, अण्णा.

सासरे : दार लोट.

सून : लोटलं.

सासरे : पाच वर्षांपूर्वी माझा पोर ही उभी हरणी काढायला बसला. मी म्हटलं, पळणारी काढ, लोक तीच मागतात. तो म्हणे, पळायच्या आधीचा क्षण हवाय. मान मागे वळवलेली. मागे म्हणजे कुठे, तर दस्त्याकडे. बंदूक धरणाऱ्याच्या थेट तोंडाकडे. चांगली होती. मला कधी जमली नसती. आणि मी त्याला म्हणालो...

सून : मेलेली दिसते, जा, जिवंत बघून ये. ठाऊक आहे मला.

सासरे : तुला त्याने सांगितलं?

सून : त्या पहाटे त्याला डबा भरून देत होते तेव्हा. हसत होता. म्हणाला, म्हातारा टोचून बोलतो, पण डोळ्याचं बरोबर सांगतो.

सासरे : हसत होता?

सून : हो. तुम्ही कधी विचारलं नाहीत. मीच आपणहून सांगायला हवं होतं.

सासरे : रानात हरणं बघत गवतात बसला होता तो. गवत हललं आणि समोरच्या शिकाऱ्याने चाप ओढला. जनावर वाटलं म्हणे. इथवर तुला माहीत आहे. पिल्लू तुझ्या पोटात होती, म्हणून ओळख पटवायला मी एकटाच गेलो. तिथे टेबलावर ती बंदूकही ठेवली होती. दुनळी, जुनी. बाजूच्या लोखंडी पट्टीवर तीन हरणं पळत होती. मधल्याचा मागचा पाय आखूड.

सून : आखूड?

सासरे : कोरणी घसरली होती माझी. बावीस वर्षांपूर्वी.

सून : अण्णा.

सासरे : पोलीस साहेबांनी त्याच्याकडे बोट दाखवून विचारलं, ओळखता का? मी बंदुकीकडे बघत हो म्हणालो. घरी आलो, वहीतून तिचं पान कापलं आणि जाळलं. हाताचं मी सगळंच खोटं सांगितलं नाही, पोरी. कपाला थरथरत नाही. कोरणी धरली की थरथरतो.

सून : पाच वर्षं हे एकट्याने घेऊन बसलात.

सासरे : कुणाला सांगणार? तुला?

सून : मलाच. नाहीतर कुणाला? सरका. भिंग द्या इकडे. सव्वातीन झालेत.

सासरे : तू डोळा कधी कोरला नाहीस.

सून : मूलही कधी एकटीने वाढवलं नव्हतं. तुम्ही फक्त सांगत राहा.

सासरे : बंदूक धरलेला शिकंजा घट्ट आवळ. आधी वरची पापणी. एका दमात, मध्ये थांबलीस की रेघ तुटते. हं. श्वास सोड आता. बुबुळाला नुसती टिंबं, खेटून खेटून. पण सगळं भरू नकोस. चमक कोरता येत नाही, ती सोडावी लागते. सुईच्या टोकाएवढं पोलाद तसंच राहू दे.

सून : कुठे सोडू?

सासरे : वर. नाकाच्या अंगाला.

सून : इतकं नक्की?

सासरे : त्याचे डोळे उघडेच होते. वरच्या दिव्याचा ठिपका तिथे होता. मिटवायच्या आधी मी बराच वेळ बघत होतो.

सून : सोडला. तिथेच सोडला. अण्णा, बघता का एकदा?

सासरे : पूस जरा. उजेडाकडे कर.

सून : बिघडली का?

सासरे : नाही. मेलेली नव्हतीच ती. डोळा राहिला होता फक्त. डोळ्याशिवाय कुठलंच जनावर जिवंत दिसत नाही, हे चाळीस वर्षं मीच सगळ्यांना सांगत आलोय. आणि त्याने डोळा कोरायच्या आधीच बोलून बसलो.

नात : आई, निळी गाडी आली. एक माणूस उतरला. अय्या, उठली ती?

सून : उठली, बाळा.

नात : मी बघू? कुणाकडे बघतेय ही?

सासरे : बंदूक धरतो ना, त्याच्याकडे.

नात : म्हणजे आता तिला तो दिसतो?

सून : दिसतो.

नात : मग आई, ती पळत का नाही?