पॉइंट काढलेल्या ट्रकची तक्रार

पोलीस चौकी, हर्सूल, औरंगाबाद.
दिनांक १४ फेब्रुवारी १९९६.

नाव कारभारी बन्सी म्हस्के, वय ६३ वर्षे, धंदा शेती व मालवाहतूक, राहणार हर्सूल.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, मी वरील ठिकाणी पत्नी साळूबाई हिच्यासह राहतो. माझ्याकडे पेट्रोलवर चालणारा जुना ट्रक आहे. निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शननंतर लष्कराने जुन्या गाड्यांचा लिलाव केला, त्यात माझ्या वडिलांनी तो घेतला. डिझेल इंजिन बसवा म्हणून सांगणारे पुष्कळ भेटले, मी कोणाचे ऐकले नाही. छावणीच्या बाजाराला कडबा नेण्याचे काम तो गेल्या महिन्यापर्यंत करत होता. आज सकाळी तो माझ्या दारातून गेला. माझी तक्रार माझा भाचा बद्रीनाथ याच्याविरुद्ध आहे. ट्रक त्याने नेलेला नाही, परंतु जे झाले ते त्याच्याच उपद्व्यापामुळे झाले.

या गाडीच्या इंजिनाला डेल्को नावाचा डबा आहे. त्यात दोन बारीक पॉइंट उघडझाप करतात, तेव्हा ठिणगी पडते. गाडी उभी केली की त्या पॉइंटमध्ये विडीच्या बंडलाचा कागद घालून ठेवायचा, ही आमच्या घरची रीत. कागद असला की ठिणगी नाही, आणि ठिणगी नसली की बटण कितीही दाबा, गाडी उठत नाही. माझे वडीलही तेच करत. त्यामुळे गाडीला चावी नाही आणि केबिनला कडी नाही. ती कधी चोरीला गेली नाही. गावात सगळे म्हणत की ही गाडी कारभारीशिवाय कोणाचे ऐकत नाही, आणि मी त्यांना तसे म्हणू देत असे. कागदाचे पत्नीस सांगितलेले नव्हते. सांगण्याचे काही कारण नव्हते.

गेल्या आठवड्यात माझे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले व मी दवाखान्यात होतो. बद्रीनाथ वाळूजला कंपनीत आहे व बजाजनगरला राहतो. मामाला खूश करावे असे त्याच्या डोक्यात आले. त्याने मला न विचारता डेल्को उघडला, पॉइंट काढून टाकले आणि तिथे इलेक्ट्रॉनिकची डबी बसवली. मी घरी आलो तेव्हा तो हसत उभा होता. म्हणाला, "मामा, आता पॉइंट घासायची कटकट नाय. लहान लेकरानं बटण दाबलं तरी गाडी उठती." मी म्हणालो, "गाढवा, तेच तर नको होतं!" त्याला त्यातले काही कळले नाही. त्याने जुने पॉइंट पिशवीत घालून माझ्या हातात दिले, जसा काही आहेर करतो आहे.

विचारल्यावरून सांगतो की, डबी बसवताना साळूबाई तिथे उभी होती. पॉइंटमधला कागद काढून बद्रीनाथने तिला विचारले, "मामी, ह्यो कागद कशाला?" वर स्वतःच तिला सांगितले की कागद घातला की गाडी उठत नाही. या माणसाला कंपनीत मशीनवर कसे ठेवतात हे मला समजत नाही. घरातल्या गोष्टी बायकांना सांगत सुटायचे असते का?

विचारल्यावरून सांगतो की, होय, माझ्या सासूबाई चतुराबाई गेल्या वर्षी वारल्या. साळूबाईचे माहेर वडोद बाजार, फुलंब्रीच्या पुढे. आई जास्त आजारी आहे असा निरोप आला, तेव्हा तिने मला गाडी काढायला सांगितली. मी बॉनेट उघडले. बटण दाबले. गाडी उठली नाही. ती बाजूलाच उभी होती व म्हणत होती, "पुन्हा एकदा बघा ना." मी पुन्हा बघितले. नंतर ती एसटीने गेली. आईच्या मातीला पोहोचली नाही. त्या दिवशी गाडीला काय झाले होते, याचा आजच्या तक्रारीशी संबंध नाही, सबब ते लिहू नये. हवालदारसाहेबांनी लिहिलेच आहे तर लिहिलेले राहू द्यावे.

वडोदशी माझे पटत नाही, हेही विचारले म्हणून सांगतो. सासूबाई वारल्या त्याच्या आधीच्या वर्षी मेहुणा कडूबा याच्या मुलाच्या लग्नात सगळ्या पाहुण्यांना फेटे बांधले आणि मला, घरच्या जावयाला, टोपी दिली. चारचौघांत. कडूबा म्हणाला, "फेटे कमी पडले, दाजी, राग नका धरू." मी राग धरला. जावयाला जर टोपी, तर मग फेटा कोणासाठी असतो? तेव्हापासून माझी गाडी त्या रस्त्याला गेलेली नाही.

आज सकाळी मी डोळ्यात औषध टाकून पडलो होतो. ट्रकचा आवाज आला. मला वाटले बद्रीनाथ. बाहेर येईपर्यंत गाडी रस्त्याला लागली होती. चहावाला पुंजाराम याने सांगितले, "साळूमामी होत्या. लई हॉर्न वाजवत गेल्या." साळूबाईला गाडी चालवता येत नाही. शेतात कडबा भरताना ती पहिल्या गिअरमध्ये गाडी हळूहळू पुढे घेत असे, पण त्याला चालवणे म्हणत नाहीत. ते काम तिने पंचवीस-तीस वर्षे केले असेल. पहिल्या गिअरमध्ये वडोदपर्यंत गाडी नेली तर इंजिनाचे काय होईल, हे त्या बाईला कोणी सांगायचे? रस्त्यात जळगावकडून येणारे ट्रक असतात. तिला आरशात बघायची सवय नाही. मी अनवाणीच रस्त्यापर्यंत धावलो. हेही लिहावे.

चोरीची तक्रार देण्यासाठी मी इथे आलो. हवालदार सांडू यांनी विचारले, "बाबा, बायको हरवल्याची देता का?" मी सांगितले, ती हरवलेली नाही, कुठे गेली ते मला माहीत आहे. ते म्हणाले, मग चोरी कशी? मी म्हणालो, डबी बसवली नसती तर गाडी उठली असती का?

त्यानंतर त्यांनी इथूनच वडोदच्या एसटीडी बूथला फोन लावला व साळूबाईस बोलावून घेतले. ती व गाडी सुखरूप पोहोचल्याचे समजले. हवालदारसाहेबांनी फोन माझ्या हातात दिला. मी विचारले, "गिअर कोणता टाकला व्हता?" ती म्हणाली, "तिसरा बी पडतो. बद्रीला पाठवून गाडी घेऊन जा." मी विचारले, "आन तू?" ती म्हणाली, "आई गेली त्या दिवशी कागद व्हता का नव्हता, तेवढं सांगा मला." मी फोन ठेवून दिला. इथे सगळे बघत होते.

विचारल्यावरून सांगतो की, गाडी मिळाली म्हणून तक्रार निकालात काढू नये. बद्रीनाथवर काय करायचे ते करावे, नाही केले तरी चालेल. साळूबाईवर चोरीचे काही लावू नये, गाडी तिचीही आहे. तिने विचारले त्याचे उत्तर मी चौकीत देणार नाही. ते मला तिच्यासमोर उभे राहून द्यायचे आहे. ते ऐकून ती परत येईल असे मला वाटत नाही, तरी द्यायचे आहे. त्याकरता आजच वडोदला जाणे भाग आहे. माझ्याकडे गाडी नाही, आणि डोळ्यामुळे एसटीची पाटी वाचता येत नाही. फुलंब्रीकडे जाणाऱ्या गाडीत मला कोणीतरी बसवून द्यावे, एवढीच विनंती.

जबाब मला वाचून दाखवला, मी तो नीट ऐकला. जेवढे सांगितले तेवढे बरोबर लिहिले आहे.

सही / – कारभारी बन्सी म्हस्के